वाचून दाखवायचा कागद

येऊ नकोस, असं कमलाकर भाऊजींनी लिहिलं होतं. आधी 'कृपया', शेवटी जोडलेले दोन हात, आणि मध्ये निवृत्त हेडमास्तरांना शोभेल असं स्वच्छ वाक्य: 'तू अशी मध्येच आलीस तर स्वातीला सगळं समजेल, तरी आत्ता येऊ नकोस, नेहमीप्रमाणे डिसेंबरातच ये.' सुचेताने ते ट्राममध्ये वाचलं, फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि समोरच्या बाईच्या पिशवीतून वर आलेल्या लीकच्या शेंड्यांकडे बघत राहिली. थोराड, जाडजूड, या देशातली कांद्याची पात. तिची पीठ पेरून भाजी बरी होते हा शोध लागायला सुचेताला इथे येऊन दोन हिवाळे लागले होते, आणि लागल्यावर तिने तो पहिल्यांदा कळवला होता स्वातीताईला, निळ्या एअरोग्रामवर, जागा उरली नाही म्हणून कडेकडेने वर चढत जाणाऱ्या अक्षरांत. ट्राम थांबली. दारं उघडली, गार वारा आत आला, माणसं उतरली, चढली, दारं मिटली. तो तिचा थांबा होता. तिला तो दिसला, पाटी वाचता आली, आणि उठावंसंच वाटलं नाही. जणू येऊ नकोस असं तिला आज सगळ्याच ठिकाणांनी कळवलं होतं.

पुढच्या थांब्यावर उतरून ती उलटी चालू लागली. पाऊस म्हणावा तर नाही, नाही म्हणावा तर चष्मा ओला, असं ते नॉटिंगहॅमचं ऑक्टोबरातलं आकाश. डिसेंबर, डिसेंबर, असं पायांनी म्हणायला सुरुवात केली. डिसेंबरात ताई नसणार हे भाऊजींना माहीत होतं. ते तिनेच त्यांना कळवलं होतं. आपण कळवलेली गोष्ट माणूस वाचतो, समजून घेतो, आणि ती समजलेली असूनच लिहितो की डिसेंबरातच ये. त्यात खोटं कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. हेडमास्तर खोटं बोलत नव्हते. ते फक्त तिला सांगत होते की आता तुझ्या बहिणीची आणि तुझी भेट व्हायची नाही, आणि ते तूही मला न विचारता मान्य कर, कारण मीही ते कुणाला न विचारता मान्य केलेलं आहे.

तसं पाहिलं तर मिरजेत राहणाऱ्या माणसाला डॉक्टरांचा तुटवडा नाही. त्या गावात बोळाबोळात दवाखाने. लांबलांबून लोक डबे-वळकट्या घेऊन मुक्कामाला येतात आणि पोटं उघडून घेतात. पण स्वातीताईचा विश्वास एकाच डॉक्टरवर होता आणि तो होता सुचेताचा मुलगा अंशुमन. तो मेडिकलच्या पहिल्या वर्षाला नुसती हाडांची नावं घोकत होता, तेव्हापासून ताई म्हणायची, मिरजेचे म्हणतात ते ठीक आहे, पण अंशूला विचार. मग फोनवर फोटो यायचे. ताईचे गुडघे, भाऊजींची साखर, शेजारच्या काकूंच्या सुनेचा थायरॉइड. आमचा लंडनचा डॉक्टर, असं ती सगळ्यांना सांगायची. नॉटिंगहॅम म्हणजे लंडन नव्हे हे भाऊजींनी नकाशा काढून दाखवलं तरी तिने ते मनावर घेतलं नाही. अंशूचं मराठी घरापुरतं, ताईचं इंग्रजी शाळेपुरतं, त्यामुळे मध्ये सुचेता. अंशू म्हणायचा, "सांग तिला, वेट कमी कर, नाहीतर दोन्ही गुडघे जाणार." सुचेता लिहायची, 'अंशू म्हणतो, संध्याकाळी जरा पाय मोकळे करत जा.' अंशू म्हणायचा, "आय हॅव नो आयडिया, आई, मी स्किनचा डॉक्टर नाहीये." सुचेता लिहायची, 'अंशू म्हणतो, घाबरायचं काही नाही, रात्री खोबरेल लाव.' खोबरेल तिचं स्वतःचं. महिन्याभराने उत्तर यायचं: 'गुण आला. पोराच्या हाताला यश आहे.' असा तिने कितीतरी वर्षं मिरजेतल्या अर्ध्या गल्लीचा दवाखाना चालवला होता, पदवीशिवाय, स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून. त्यात तिला मजा वाटायची. नाही कशाला म्हणा.

इमारतीत शिरून तिने ओला कोट टांगला, गळ्यात बिल्ला अडकवला, आणि आपल्या टेबलाशी बसली. जुन्या कागदपत्रांच्या या संग्रहालयात ती पेट्या वाहण्याच्या कामावर लागली होती, आणि पेट्यांत काय आहे हे वाचता येईना म्हणून, केवळ त्या चिडीने, जुन्या वळणाची अक्षरं पातळ कागदावर गिरवून गिरवून शिकली होती. आता ती पत्रं संगणकावर उतरवून घ्यायचं काम तिच्याकडे होतं. सध्याची पेटी एका डॉक्टरच्या टपालाची. अडीचशे वर्षांपूर्वीचा इथला, या मिडलंड्समधला डॉक्टर. त्याने आपले निम्मे रोगी कधी डोळ्यांनी पाहिलेच नव्हते. ते लिहायचे, तो उत्तर द्यायचा. नाडी तिकडे, वैद्य इकडे, आणि मध्ये चिखलाचे रस्ते. जिभेचा रंग, लघवीचा रंग, झोप किती, स्वप्नं कसली, देवावर चित्त लागतं की नाही, सगळं कागदावर. आणि कागद घड्या घालून, लाखेने बंद करून रवाना. सुचेता ते इंग्रजीतच टंकायची, पण मनात मात्र ते मराठीतच वाजायचं, बाबांच्या पत्रांसारखं. सा. न. वि. वि. आपली-आमची भेट होण्याचा योग अद्याप आला नाही, तथापि आपल्या कीर्तीवर विसंबून हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो. डॉक्टर उलट टपाली कळवायचा: रक्त काढा, रेवाचिनी घ्या, गाढविणीचं दूध सकाळ-संध्याकाळ. उत्तर पोचेपर्यंत ताप उतरलेला असायचा किंवा माणूस गेलेलं असायचं. कुठलं झालं हे पेटीत नसतं. कुणी बरं झालं की लिहीत नाही, आणि मेलं की तर नाहीच. पहिल्या पहिल्यांदा तिला त्याचा फार त्रास व्हायचा. एखाद्या बाईच्या पोटदुखीशी आपण आठवडा काढावा आणि शेवटी नुसता रिकामा पुठ्ठा हाती यावा, म्हणजे काय? मग सवय झाली.

गेल्या वर्षी याच पेटीत तिला थॉर्नली सापडला होता. कापडाचा व्यापारी, बायकोच्या छातीत गाठ. सगळं नीट, पाल्हाळ न लावता लिहून झाल्यावर शेवटी: आपण कृपा करून उत्तराचे दोन कागद करावेत. एक असा, की जो मला पत्नीस वाचून दाखवता येईल. दुसरा केवळ माझ्यासाठी. सुचेता तेव्हा मोठ्याने हसली होती. वाचनकक्षात हसायचं नसतं, तरी. अगदी आपल्यातला आहे की हा, पेठेतला! तिने हेलनला, तिच्या साहेबिणीला, बोलावून दाखवलं. हेलन म्हणाली, बिचारी बायको, तिला काही हक्कच नव्हता. सुचेताला वाटलं होतं, बिचारा नवरा. दोन कागद घरात असणं म्हणजे काय, एक उशाशी आणि एक कोटाच्या आतल्या खिशात, आणि जेवताना समोरासमोर बसायचं. डॉक्टरच्या उत्तराची त्याच्याच हातची एक नक्कल पेटीत होती. एकच. फार मायेचं पत्र होतं ते: गाढविणीचं दूध, हलकं वाचन, वसंतात हवापालट, पुढल्या वर्षी या दिवसांची आठवणही राहणार नाही. दुसऱ्या कागदाची नक्कल त्याने ठेवली नव्हती. किंवा तो लिहिलाच नव्हता.

आणि मग ऑगस्टात, एका रविवारी, अंशू जेवायला आला होता तेव्हा ताईच्या रिपोर्टांचे फोटो आले. अंशू आता शहरातच एका मोठ्या हॉस्पिटलात होता, वेगळा राहायचा, रविवारी यायचा आणि वरण-भातावर लहानपणीसारखाच तुटून पडायचा. सतीश, सुचेताचा नवरा, बागेत गवत कापत होता. अंशूने डाव्या हाताने फोन घेतला, दोन बोटांनी अक्षरं मोठी केली, पुन्हा लहान केली. त्याचं चावणं थांबलं.

"आई, मावशी पिवळी झाली होती?"

"झाली होती. उतरलं आता. नळी घातली ना पित्ताची. तिला खडा म्हणून सांगितलंय."

"कोण सांगितलं खडा?"

"भाऊजींनी. डॉक्टरांनी भाऊजींना बाहेर बोलावलं, आणि... अरे, सांग ना काय आहे."

"इट्स नॉट अ खडा. पॅनक्रियास आहे. आणि लिव्हरमध्ये पण गेलाय, हे सगळं, हे बघ." त्याने फोन तिच्यापुढे धरला. तिला राखाडी ढग दिसले. "इट्स रियली बॅड, आई."

"औषध असेल ना काही?"

"देतील ते. मी नसता दिला. तिला फक्त उलट्या होईल."

"मी जातेच आहे डिसेंबरात, तेव्हा बघू..."

"डिसेंबर?" तो म्हणाला. बाहेर गवताचं यंत्र बंद पडलं, सतीशने दोरी ओढली, पुन्हा सुरू झालं. "आई, डिसेंबरमध्ये नको जाऊ. आत्ता जा."

त्या रात्री भाऊजींचा मेसेज आला, की अंशुमनचं मत दोन वेगळ्या मेसेजांत पाठवावं; एक स्वातीच्या फोनवर, धीर येईल असा, आणि एक खरा, माझ्या फोनवर. सुचेताला हसू नाही आलं. तिने आधी भाऊजींचा लिहिला. तो चटकन झाला. वाईट बातमीला शब्द थोडे लागतात. ताईचा लिहायला मात्र दोन दिवस गेले. ट्राममध्ये, चहाच्या रांगेत, भांडी विसळताना ती वाक्यं जुळवत होती, खोडत होती. 'मावशी, मी सगळे रिपोर्ट नीट पाहिले. खडा निघाला हे उत्तम. आत थोडी सूज आहे, ती उतरायला वेळ लागतो, मध्येच थकवा येईल, त्याने घाबरू नकोस. भूक लागेल तेव्हाच खा, पण आवडीचं खा.' आवडीचं खा, हे लिहून झाल्यावर ती थांबली, कारण ते खरं होतं आणि डॉक्टर लोक ते केव्हा सांगतात हे ताईला ठाऊक होतं. तिने ते काढून 'ताजं खा' केलं. किती सराईतपणे होत होतं हे सगळं! कितीतरी वर्षांचा हात बसला होता. सूज कुठे ठेवायची, थकवा कितपत टाकायचा, आशा किती पातळ करायची म्हणजे खरी वाटेल. गुडघ्यांवर आणि खोबरेलावर ती जे शिकली होती ते सगळं जणू याच एका पत्रासाठी होतं. शेवटी: 'डिसेंबरात आई येईल तेव्हा तुझ्या हातचे डिंकाचे लाडू खाऊ घाल तिला. तुझा अंशू.'

ताईने थेट अंशूलाच आभाराचा आवाजी निरोप धाडला, आणि तो तसाच, ड्यूटीच्या कपड्यांत, दारात उभा राहिला. "तू हे माझ्या नावाने लिहिलीस? आई, आय'ड नेव्हर से दॅट. कोणत्या पेशंटला मी हे बोललो तर माझी नोकरी जाईल!"

"तू नाही बोललास. मी बोलले. नाव फक्त तुझं."

"एक्झॅक्टली!"

"ओरडू नकोस. बूट काढ आधी."

"तिचा आयुष्य आहे. तिला कोणाला भेटायचं असेल, काय बोलायचं असेल. यू'व्ह टेकन दॅट. तू आणि भाऊजीकाका. मी बोलतो तिच्याशी. आत्ता."

"बोल. काय बोलशील?"

तो फोन हातात घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. ओठ हलवून पाहू लागला. मावशी, म्हणाला. मावशी, तू खूप आजारी आहेस. आणि तू आता. मग थांबला. सुचेता बघत होती. त्याचं मराठी तिनेच दिलेलं होतं. त्यात भूक होती, अंघोळ होती, रागावणं होतं, चांदोबा होता, आणि माणसं मरत नव्हती, बाप्पाकडे जात होती. रोज कुणाला ना कुणाला हे सांगणारा एवढा मोठा डॉक्टर, खुर्ची ओढून, आवाज खाली आणून, मध्ये थांबून, कसं सांगायचं याची परीक्षा देऊन पास झालेला. आणि त्याच्याजवळ मावशीला सांगायला बाप्पाखेरीज कुणी नव्हतं. "तू सांग, आई," तो शेवटी म्हणाला. "तूच जाऊन सांग. तिच्यापाशी बसून." त्याने बूट न काढताच तिला मिठी मारली आणि कामावर निघून गेला.

जाऊन सांग. पण जाणं हेच सांगणं होतं, हे पोराला कुठून कळावं. ते त्यांच्या घरात एकदा घडून गेलेलं होतं. बाबा आजारी पडले तेव्हा ताईने फोन केला, निघून ये, आणि सुचेता मिळेल त्या विमानाने निघाली, मार्च महिन्यात. ती डिसेंबरातच येते हे साऱ्या घराला, गवळ्यालासुद्धा माहीत. अंगात लाल कोट, मुंबईपासून टॅक्सीत बसून आंबलेलं अंग, आणि दारात उभी. बाबा लोडाला टेकून बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखलं. मग त्यांच्या नजरेत हळूहळू काहीतरी खाली बसत गेलं, गढूळ पाणी निवळतं तसं, आणि तळ दिसला. "अगं, तू कशी?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत, आणि होते तोवर तिच्याकडे वळले नाहीत. पाय चेपायला ती जवळ गेली की पाय पोटाशी घ्यायचे. पुढे ताई थट्टेत म्हणायची, तू इंग्लंडहून येताना आधी नीट महिना बघून येत जा हो, नाहीतर आम्ही पळून जाऊ. सगळे हसायचे. तीही.

तरीही काल तिने हेलनकडे रजा मागितली होती. हेलनला तिने खरं सांगितलं होतं, सगळं, बहिणीचं नाव, आजाराचं नाव; परक्या भाषेत ते किती सहज सांगता आलं. हेलनने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा, इथली काळजी करू नकोस. तिकीट धरून ठेवलेलं होतं. फक्त पक्कं करायचं. भाऊजींना तेवढं कळवलं आणि आज सकाळी ट्राममध्ये हे उत्तर. जोडलेल्या हातांसकट.

दुपारच्या सुट्टीत डबा न उघडताच ती मागच्या जिन्यात गेली. तिथे कुणी येत नाही. तिकडे संध्याकाळ असेल. भाऊजींना काय वाटायचं ते वाटो, ती स्वतःशी म्हणाली, मी ताईचा आवाज ऐकेन आणि मग ठरवेन.

"सुचे? आज बरी आठवण झाली गं! कामावर नाहीस?"

"सुट्टी आहे जेवणाची."

"मग जेवायचं सोडून फोन कसला करतेस? काय आणलंयस डब्यात? तीच ना तुझी थोराड पात?"

"तीच. तू जेवलीस?"

"जेवले म्हणायचं. यांनी मऊ भात केला होता. हेडमास्तर भात करतात म्हणजे कसा, शिस्तीत. एक शीत इकडचं तिकडे नाही." ताई हसली. हसण्याच्या शेवटी श्वास पुरला नाही, तो तिने खोकल्यात लपवला. आवाज तोच होता, पण आत जागा झाल्यासारखा, सामान हलवलेल्या खोलीतल्यासारखा. सुचेताने कठडा धरला.

"ताई, मी येतेय. पुढच्या आठवड्यात."

पलीकडे टीव्हीवर कुणीतरी कुणाशी तावातावाने भांडत होतं. ताईने तो बंद करायला लावला असावा. एकदम गप्प झालं.

"का गं?"

"तिकीट स्वस्तात मिळालं. आणि रजा पण उरली होती, वाया जाते नाहीतर, म्हणून म्हटलं..."

"हो का," ताई म्हणाली. मग अगदी लाडाने, लहानपणी वेणी घालताना बोलायची त्या सुरात: "तुला ना, तोंडाने खोटं कधी जमलं नाही. लिहून तेवढं फर्मास जमतं."

"ताई, ऐक, तुला..."

"थांब. मी विचारलंय का तुला काही?"

"नाही."

"मग?"

जिन्याच्या काचेवर बाहेरचा ओलावा थेंब होऊन खाली घसरत होता. बोलायची आता हीच वेळ होती, आणि हीच ती वेळ होती की जेव्हा बोलायचं नव्हतं.

"अहो, जरा पाणी आणता?" ताईने तिकडे सांगितलं, आणि पावलं लांब गेल्यावर खालच्या आवाजात म्हणाली, "बाबांच्या वेळी मी उशाशी होते, सुचे. तुला आजपर्यंत वाटतं ते तुझ्यावर रुसले. रुसले नव्हते गं. तू दारात यायच्या आधी मला विचारत होते, यंदा आंब्यांची पेटी कुणाकडून घ्यायची, देवगडवाल्याकडून का नेहमीच्याकडून. रोज विचारायचे. मी रोज सांगायचे, नेहमीच्याकडून. तू आलीस त्यानंतर पेटीचं विचारलं नाही त्यांनी."

सुचेताने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला अजून विचारायचंय," ताई म्हणाली. "काहीबाही. थोडे दिवस. आणि तुझ्याकडे तसं बघायचं नाहीये मला. तू माझी धाकटी आहेस, तू दारात आलीस आणि माझं तोंड भिंतीकडे, असं नको करूस माझं."

"मग मी तुला बघायचंच नाही?" हे तिच्या तोंडून मोठ्याने गेलं, जिन्यात वरपर्यंत घुमलं.

"डिसेंबरात ये की," ताई म्हणाली.

दोघींना माहीत होतं. दोघींना माहीत आहे हेही दोघींना माहीत होतं, आणि तरी ते मध्ये तसंच ठेवून दोघी दोन बाजूंनी जपत होत्या, झोपलेलं मूल मध्ये असावं तशा. आपण आत्ता ओरडू शकतो, सुचेताच्या मनात आलं. ताई, तू मरणार आहेस, आणि मला तुला एकदा हात लावायचा आहे. एवढी दोनच वाक्यं. आणि मग तिच्याजवळ जे काही दिवस आहेत, भाताचे, टीव्हीचे, हेडमास्तरांची टिंगल करण्याचे, ते आपण घेऊन टाकू, आपल्या भेटीसाठी. अंशू म्हणाला होता, तिचं आयुष्य आहे, म्हणजे काय ते तिने ठरवायचं. तिने ठरवलं होतं. इतकं नीट, इतकं डोळे उघडे ठेवून, की त्यावर अंशूलाही बोलता आलं नसतं.

"बरं," ती म्हणाली. "डिसेंबरात येते."

"ये. थंडी असते तेव्हा, तुलाही बरं पडतं. आणि ऐक, अंशूला म्हणावं मेसेज फार छान होता. आठवड्याला एक पाठवत जा म्हणावं. मी यांना मोठ्याने वाचायला लावते. मध्येच चष्मा काढून पुसत बसतात, पण वाचतात." पावलं जवळ आली असावीत, ताईचा आवाज चढला, खणखणीत झाला. "चल, जेव आता! गार झालं असेल सगळं."

फोन बंद झाल्यावर ती तशीच उभी राहिली. रडायला येईल म्हणून थोडी वाट पाहिली. आलं नाही. आपली बहीण अजून आहे आणि आपण तिला भेटून आलो, शेवटचं, एका मागच्या जिन्यात, उभ्या उभ्या. आणि निघताना वाकून नमस्कारसुद्धा केला नाही, असं काहीतरी वाटत होतं, पण तेही नीट नाही, दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तसं. गुडघे दुखत होते. तिने तिकीट सोडून दिलं. त्याला फोनवर एकदाच बोट लावावं लागलं.

रजा मागे घ्यायला ती हेलनच्या खोलीत गेली तेव्हा हेलन उठूनच उभी राहिली. "ओह, सुचेता. इज शी...?"

"नाही, नाही," सुचेता म्हणाली. हेलनला खरं सांगता आलं असतं. काल सांगितलंच होतं. पण आता ते सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं: महिना, दार, भिंत, बाबा, आणि बहीण मरते आहे म्हणून मी तिच्याकडे जात नाही, हे वाक्य इंग्रजीत उभंच राहीना. "शी इज बेटर," तिने म्हटलं. "रिपोर्टमध्ये चूक झाली होती. मला जायची गरज नाही."

हेलनचा चेहरा उजळला. उजळला म्हणजे खरोखरच. त्या बाईच्या पोटात माया होती. "ओह, थँक गॉड," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना, कारण वसंतात तिची आई गेली होती आणि तिच्या रिपोर्टमध्ये चूक निघाली नव्हती. सुचेताने टेबलावरचा टिश्यूचा खोका तिच्यापुढे सरकवला, पाठीवरून हात फिरवला, असू दे, असू दे, असं मराठीत म्हणाली. हेलन नाक पुसत, स्वतःशीच हसत बाहेर गेली आणि तिने चहाच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. मग वाचनकक्षातली मुलगी येऊन मिठी मारून गेली. दारावरच्या पहारेकऱ्याने अंगठा वर केला. कुणाचातरी वाढदिवसाचा लिंबाचा केक होता, त्याचा मोठा तुकडा तिच्या टेबलावर आला, आणि सकाळपासून पोटात काही नसल्यामुळे तिने तो खाल्ला. एकेक जण विचारत होता, तिला भूक लागते का आता, हिंडते-फिरते का, आणि सुचेता प्रत्येकाला उत्तर देत होती, आधी तुटक, मग जरा भरून, मग अगदी तपशिलाने, की काल ताई स्वतः उठून गच्चीवर गेली, स्वतः चहा केला, वर हेडमास्तरांना भातावरून बोलली. दिवस कलला, दिवे लागले, आणि तोवर त्या इमारतीत, जिथे तिला कधी कुणी पाहिलेलं नव्हतं, ताई ठणठणीत बरी झाली होती.